मागच्या सीटवरची थंडी

अकोल्या-अमरावतीकडे थंडीचे कपडे शिवून माझं घर चालतं असं सांगितलं, की बाहेरगावचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग डोक्यावरच्या पंख्याकडे. त्याचं चुकत नाही. आमच्या भागात वर्षातला बराचसा काळ कपडा म्हणजे अंगावरची अडचणच. अकोल्याचं ऊन पेपरात पहिल्या पानावर येतं. अकोल्याची थंडी कुठल्याच पानावर येत नाही. ती येते तीच चोरपावलांनी. आकाशकंदील उतरले, तुरीला शेंगा धरल्या, की एका पहाटे जाग येते आणि पायाशी पडलेलं पांघरूण गळ्यापर्यंत आलेलं असतं. ते आपण कधी ओढलं, आठवत नाही. बाहेर रस्त्याच्या दिव्यांभोवती दुधासारखं काहीतरी साचलेलं असतं. चहाच्या टपरीपुढची माणसं बोलतात आणि त्यांच्या बोलण्याची वाफ होऊन ती दिव्याकडे जाते. गाव तेच, रस्ता तोच, पण कोणीतरी रात्रीतून सगळं उचलून थोडं लांब नेऊन ठेवलंय असं वाटतं.

हे दोन-अडीच महिने माझे. या दिवसांत पहाटे सायकल चालवणाऱ्यांसाठी मी कपडे शिवते. दुकान अमरावतीला, पण निम्मी गिऱ्हाइकं अकोल्याची. दवाखाना उघडायच्या आधी बडनेऱ्यापर्यंत जाऊन येणारे डॉक्टर, शाळेतल्या बाया, बँकेतले साहेब, रविवारी कौंडण्यपूरला नुसती नदी बघायला जाणारी कॉलेजची पोरं. सगळे आल्या आल्या एकच विचारतात, मॅडम, सगळ्यात जाड काय आहे तुमच्याकडे? मी म्हणते, जाड काहीच नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलवर थंडी दोन वाटांनी येते. एक समोरून, वाऱ्याची. दुसरी आतून, घामाची. ही दुसरी जास्त वाईट, कारण ती आपणच तयार केलेली असते. चढावर माणूस तापतो, घामेजतो. उतार लागला की पाय थांबतात, वारा वाढतो, आणि तोच घाम पाठीला गार फडक्यासारखा चिकटतो. म्हणून एक जाडजूड कपडा कामाचा नाही. तीन पातळ हवेत. अंगालगतचा घाम बाहेर ढकलणारा. मधला हवा धरून ठेवणारा, कारण ऊब देते ती कपड्यात अडकलेली हवा. आणि वरचा वारा अडवणारा, पण पाठीकडून श्वास घेऊ देणारा. चढ आला की कपड्याची चेन खाली, उतार आला की वर. शास्त्र एवढंच.

आणि एक नियम, ज्याच्यावरून माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात. घरातून निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे. दारातच छान उबदार वाटलं, तर एक कपडा जास्त झाला समजायचं.

तेल्हाऱ्याहून एक कापूसवाले येतात. त्यांच्या स्वतःच्या शेतात कापूस, घरात कापूस, बोलण्यात कापूस. त्यांना मी सांगितलं की आत सुती बनियन चालणार नाही, सूत घाम पितं आणि धरून बसतं. त्यांनी दुकानातल्या इतर लोकांकडे साक्षीला पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, कापसाच्या मुलखात राहून कापसाले नावं ठेवता, तुमाले कोनी काही म्हनत नाई काय?" मी म्हटलं, म्हणतात ना, तुम्हीच पहिले नाही. ते रागारागात गेले. पुढच्या आठवड्यात शिंकत आले, आणि हात वर करून मापासाठी उभे राहिले.

उभ्यानं मी माप घेतच नाही, ही माझ्या कामाची दुसरी खोड. माणूस उभा असतो तेव्हा एक असतो आणि सायकलवर वाकला की दुसरा होतो. पाठ लांबते, पोट आत जातं, बाही मनगटावरून वर सरकते. म्हणून दुकानात एक जुनी सायकल लोखंडी घोडीवर पक्की बसवली आहे. त्यावर बसायचं, हँडल धरायचं, पायडल मारायचे, मग माझा टेप फिरतो. थोडा वेळ पायडल मारून झाले की मी पाठीवर पंजा ठेवून बघते, ओल आधी कुठं येते. प्रत्येकाची वेगळी जागा. एका डॉक्टरसाहेबांनी पाठीच्या खिशाच्या आत आणखी एक चोरखिसा मागितला होता, कशासाठी ते काही सांगेनात. पायडल मारता मारता सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी पडली तेव्हा समजलं. खिसा शिवून दिला. पुडीचं त्यांच्या बायकोशी बोलणं माझ्या कामात बसत नाही.

मी गृहविज्ञानाची पदवीधर आहे. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी दर चार वाक्यांनी सांगते असं माझा नवरा म्हणतो. सांगते, आणि सांगणार. आमचं गाव चांदूर रेल्वेजवळचं. बाबा रोज पहाटे सायकलनं कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे. हिवाळ्यात ते सदऱ्याच्या आत, छातीवर, आदल्या दिवशीचा पेपर घडी करून घालायचे. वारा अडायचा. संध्याकाळी तो पेपर घामानं, उबेनं मऊ होऊन घरी यायचा आणि मी तो चुलीपुढं पसरून वाचायचे. अक्षरं कधी कधी पुसट झालेली असायची, तर मधले शब्द मी मनानं भरायचे. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासाला बसायचे तेव्हाही मला पुस्तकाला त्या पेपरासारखा घामाचा वास नाही याचं नवल वाटायचं. पुढं कॉलेजात वस्त्रशास्त्राच्या तासाला बाईंनी हवेच्या थरांबद्दल सांगितलं आणि वर्गात बसल्या बसल्या मला बाबांची छाती दिसली, पहाटेच्या धुक्यात लांब जाणारी.

पदवी मिळाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. मग नोकरी मिळेना. प्राध्यापक व्हायचं माझ्या मनात होतं, ते राहिलं. अजून एखाद्या दुपारी मशीनचं चाक फिरता फिरता मी मनातल्या मनात एका वर्गाला शिकवत असते, हे खोटं कशाला सांगू. दुकान टाकलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, एवढी डिग्री घेतली आन् मशीनवर बसली. मी म्हटलं, डिग्री घेतली म्हणून बसले. नाहीतर फॉल-पिको करत बसले असते.

पण मला सांगायचं आहे ते गावंडेकाकांबद्दल.

डिसेंबरातल्या एका सकाळी अकोल्याच्या बसनं दोन माणसं दुकानात आली. पुढं सलीमभाई, उंच, रुंद, मेंदी लावलेली दाढी. अकोल्याला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांच्या कोपराला धरून मागं गावंडेकाका, बारीक अंगाचे, नीट इस्त्रीचा शर्ट, हातात घडीची पांढरी काठी. काकांची दृष्टी लहानपणी आजारात गेलेली. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून रिटायर झाले. कार्यालयासमोरच सलीमभाईंचं दुकान, तिथं रोज दुपारचा चहा, त्यातून ही दोस्ती.

काका रिटायर झाले तेव्हा सलीमभाईंनी त्यांना एक सायकल भेट दिली. स्वतः जोडलेली. पुढचा अर्धा भाग जेन्ट्स सायकलचा, मागचा अर्धा लेडीज सायकलचा, कारण लेडीजला मधला दांडा नसतो, काकांना चढायला सोपं. दोन सीट, दोन हँडल, दोन जोड पायडल. पुढं सलीमभाई रस्ता बघणार, मागं काका जोर लावणार. अकोल्यात सकाळी ही जोडी निघाली की दूधवाले बाजूला होतात.

दोघं त्याआधीच्या आठवड्यात चिखलदऱ्याला जाऊन आले होते. परतवाड्यापर्यंत सायकल टेम्पोत, तिथून घाट चढून वर. चढताना काही त्रास झाला नाही. वर चहा घेतला आणि उतरायला लागले. काका मागून सतत बोलत असतात, हे सलीमभाईंना सवयीचं. अर्ध्या घाटात ते बोलणं जड झालं. शब्द एकमेकांना चिकटायला लागले. मग काका एकदम स्पष्ट आणि गोड आवाजात म्हणाले, "होल्ड करा, साहेब दुसऱ्या लायनीवर आहेत."

हे सांगताना सलीमभाई दुकानात खाली बसले. त्यांनी ब्रेक मारले, काकांना रस्त्याच्या कडेला घेतलं आणि मिठी मारून बसले. काका त्यांच्या मिठीत हसऱ्या तोंडानं न आलेले फोन जोडून देत राहिले. एक संत्र्याचा टेम्पो आला, त्यानं दोघांना खाली आणलं. अंग आतून गार पडलं की डोकं असं भलतीकडे जातं. ते लवकर ओळखलं म्हणून निभावलं.

घरी काकांच्या पत्नी, कमलताई. त्यांनी सायकलीला साखळी घातली आणि किल्ली कमरेला खोचली. बऱ्याच विनवण्यांनंतर एक सवलत दिली. एकदा, फक्त एकदा आणखी जा. मी टेम्पोत बसून संगं येतो. उतरताना त्याच ठिकाणी उभी राहीन. ह्यांचा एक शब्द जरी वाकडा आला तर सायकल टेम्पोत, आणि अकोल्याला गेल्यावर सलीमभाईंनी आपल्या हातानं ती कापून परत दोन करायची.

"मॅडम, मी जोडली, मीच कापू काय?" सलीमभाई म्हणाले. काका शोकेसच्या काचेवर बोट फिरवत बसले.

माप सायकलवरच घ्यायचं, आणि सायकल अकोल्याला. म्हणून रविवारी मीच गेले. सोबत माझा सगळ्यात चांगला संच नेला होता. डोळे सोडून सगळं झाकणारी टोपी, कानावर दुहेरी कापड, सगळी बोटं झाकणारे हातमोजे, आतून मऊ जाकीट. अंगणात सायकल विटांवर उभी केली, काकांना सगळं चढवलं. ते पायडल मारायला लागले. पाच-दहा मिनिटांत त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, दमले. विचारलं तर म्हणाले,

"मॅडम, तुमी मले उबदार करून राहिले, ते बरोबर आहे. पन हे घातलं का मले दिसत नाई."

सलीमभाईंनी मला हातानंच खूण केली, ऐका.

मग काकांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत नाही सांगू शकत, पण आठवेल तसं सांगते. उन्हाळ्यात सगळं जग त्यांना एकसारखं लागतं. भिंत, रस्ता, माणूस, झाड, सगळं एकाच भट्टीतलं. थंडीत प्रत्येक वस्तू वेगळी होते. ओलित केलेल्या गव्हाचं शेत डाव्या गालाला लागतं, पऱ्हाटीचं, कापसाचं कोरडं शेत लागत नाही. नाला येतो तो आधी पोटऱ्यांना कळतो, गारवा खालून सरकत येतो. संत्र्याची बाग म्हणजे एक लांब ओलसर भिंत. आणि तिच्यात कुठं झाड गेलेलं असलं तर तिथं भोक. चिंचेखालून जाताना माथ्यावरचा गारवा उचलला जातो, कोणी छत धरल्यासारखा. गाव येतं तेव्हा आधी शेकोटीची ऊब येते, मग कुत्रं, मग माणसं. त्यांचं बोलून संपेपर्यंत आम्ही सगळे त्या अंगणात उभे होतो, पण मला वाटत होतं की आपण कुठल्या तरी रस्त्यानं चाललो आहोत आणि दोन्ही बाजूंनी शेतं मागं जातायत, आणि मी ती पहिल्यांदाच बघते आहे.

"वर्षातून दोन महिने मले दिसते," ते शेवटी म्हणाले. "ते बी कान आन् गाल उघडे असले तर."

म्हणजे माझ्यापुढं असं काम आलं, जे कुठल्या पुस्तकात नव्हतं. माणूस गरम राहिला पाहिजे, आणि त्याला थंडी लागलीही पाहिजे.

आधी मला हे समजत नव्हतं की चढताना एवढा घाम कशानं आला. सलीमभाईंच्या रुंद पाठीमागं वारा लागत नाही, हे एक कारण दिसतच होतं. पण तेवढ्यानं माणूस इतका भिजत नाही. त्या दिवशी काय काय घातलं होतं, मी विचारलं. काकांनी मोजून सांगितलं. मग थांबले. आतल्या दाराच्या दिशेनं कान दिला आणि आवाज उतरवून म्हणाले की सगळ्यात आत, बनियनवर, कमलनं विणलेलं लोकरीचं स्वेटर होतं. निघताना तिनं देवघरापुढं उभं करून घातलं. सलीमले सांगितलं नाही. चढावर काढता आलं असतं, पण तिनं घातलेलं रस्त्यात काढून ठेवावं असं मनाले वाटलं नाही.

कमलताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. कपबशा ठेवल्या आणि माझ्याकडेच वळल्या.

"मंग काय उघडं पाठवू काय? मानूस घरातून कुडकुडत निंघाला तर लोकं कोनाले नावं ठेवतीन? मले. घरात बाई आहे का नाई म्हनतीन."

हे भांडण मला नवं नाही. आमच्याकडं घरातल्या माणसाला थंडी वाजत बाहेर जाऊ देणं म्हणजे बायकोची, आईची नाचक्की. माझ्या दुकानातून तीन पातळ कपडे घेऊन गेलेला माणूस उंबऱ्यापर्यंत तीनातच असतो. उंबऱ्यात त्याला चौथा चढतो, मायेचा. त्या चौथ्यापुढं माझं सगळं शास्त्र हात टेकतं.

मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, ताई, मी आज इथंच मुक्काम करते, उद्या पहाटे तुम्ही बसा मागं.

त्या हसल्या, मग चिडल्या, मग शेजारीण काय म्हणेल ते सांगून झालं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना नऊवारीचा काष्टा घट्ट करून, वर स्वेटर, वर शाल, डोक्याला स्कार्फ अशा अंगणात उभ्या होत्या. मागचा भाग लेडीज सायकलचा असल्यानं बसायला अडचण आली नाही. सलीमभाई म्हणाले, "भाभी, नुसतं बसू नका, पाय बी मारा. गावंडेसाहेब मारते तसे." काका फाटकाशी उभे राहून बायकोच्या सायकलचा आवाज धुक्यात लांब जाताना ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मला नाव देता येत नाही.

ती दोघं परत आली तेव्हा स्कार्फ हँडलला बांधलेला होता, शाल सलीमभाईंच्या खांद्यावर होती, आणि कमलताईंचं कपाळ चमकत होतं. उतरल्या, श्वास घेतला, आणि पाठीला हात लावून बघितला. ओली. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली तशा शहारल्या. आत जाऊन ते लोकरीचं स्वेटर घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, याचं काही होते काय पाहा.

त्याचंच मग सगळं झालं. ते स्वेटर मी उसवलं. त्या लोकरीची गळ्याभोवतीची रुंद पट्टी केली, कानाच्या पाळीच्या खाली थांबणारी, आणि मनगटांना दोन पट्ट्या. मान आणि मनगटाशी रक्त कातडीच्या अगदी जवळून वाहतं, तिथं ऊब धरली की कान आणि बोटं उघडी ठेवायला थोडी सूट मिळते. हातमोज्यांची टोकं कापली. अंगालगत जाळीचं पातळ कापड. मधल्या कपड्याला गळ्यापासून पोटापर्यंत चेन, म्हणजे चढावर उघडता येईल. वारा अडवणारं कापड साधारणपणे मी छातीवर लावते. काकांच्या छातीपुढं तर सलीमभाईच होते. उतारावर त्यांना वारा लागतो तो सलीमभाईंच्या दोन्ही बाजूंनी वळून, दंडांवर, कुशींवर आणि गुडघ्यांवर. म्हणून तिथं लावलं. असा कपडा मी आधी शिवला नव्हता, नंतरही नाही. टेबलावर पसरला तेव्हा तो कोणाचाच नसल्यासारखा दिसत होता. काकांनी घातला आणि त्यांचा झाला. शिवाय एक कोरडा जाळीचा जोड वेगळा बांधून दिला. वर पोहोचलं की चहाच्या आधी आतला कपडा बदलायचा, ही माझी अट. कमलताईंच्या अटीपुढं माझी अट लहान होती.

आम्ही जानेवारीत गेलो. परतवाड्याला टेम्पोतून सायकल उतरवली तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं. काका कुडकुडत होते, आणि कमलताईंनी ते कुडकुडणं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभ्या होत्या. त्या हातांना काहीतरी पांघरायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी पांघरलं नाही.

धामणगाव गढी हे गाव मागं पडलं आणि घाट सुरू झाला. आम्ही टेम्पोत, हळूहळू मागून. दरीत धुकं भरलेलं, वर सागाची झाडं, त्यांची पानं गळायला लागलेली. पुढं ती लांब सायकल, चार पाय एका तालात खालीवर. उजेड वाढत होता की आम्हीच उजेडाकडे चढत होतो, कळत नव्हतं. मध्येच काकांचा हात सुटायचा आणि हवेत एखाद्या बाजूला जायचा, बोटं उघडी, जसं कोणी चालत्या बैलगाडीतून कणसांवर हात फिरवावा. कमलताई काचेतून बघत होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, काका कोनाले हात दाखवून राहिले?

मोथा गावाच्या पुढं वर पोहोचून काकांनी टपरीच्या मागं जाऊन कपडा बदलला. त्यांनी उतरवलेला जाळीचा कपडा मी हातात घेऊन पाहिला. ओला होता, पण मधला कपडा कोरडा. सलीमभाईंनी चहा बशीत ओतून दिला. मग कमलताई म्हणाल्या, आमी पुढं जातो, आणि आमचा टेम्पो आधी उतरला.

मागच्या वेळी काकांचं बोलणं बिघडलं ते वळण त्यांनी सलीमभाईंकडून आधीच समजून घेतलं होतं. एक नाला रस्त्याखालून जातो, त्याच्या अंगाला. टेम्पो कडेला लावला. ठरलं होतं असं की कमलताई हात वर करतील तर सलीमभाई थांबतील. त्या जास्त काही बोलणार नव्हत्या. सायकल जवळ आली की एक साधा प्रश्न विचारायचा, आज वार कोणता, एवढाच, आणि उत्तराकडे कान द्यायचा. त्यांनी तो प्रश्न माझ्यापुढं दोन-तीनदा म्हणून पाहिला. नंतर त्यांनाच आठवेना आज वार कोणता, आणि मलाही पटकन सांगता आलं नाही.

थंडी फार होती. नाल्यातून धुकं वर येत होतं, रस्त्यावरून सरपटत आमच्या पायांवरून पलीकडे जात होतं. पदर फडफडत होता. मी स्वतः शिवलेलं जाकीट घालून उभी होते आणि तरी माझे दात वाजत होते. मी या माणसाचे कान उघडे ठेवले, गाल उघडे ठेवले. इतकी वर्षं लोकांना जे झाकायला सांगत आले तेच. माझं कापड चुकलं असेल तर ते आता, वरच्या कुठल्यातरी वळणावर, चुकत असेल.

मग ब्रेकच्या रबराचा आवाज आला. धुक्यातून आधी सलीमभाईंची दाढी दिसली, मग हँडल, मग सगळी सायकल. सलीमभाई कमलताईंच्या हाताकडे बघत होते, रस्त्यापेक्षा जास्त. मागं काकांचा चेहरा किंचित वर उचललेला. ते बोलत नव्हते. नेहमी बोलणारा माणूस गप्प होता. कमलताईंचा हात पदरातून बाहेर आला, खांद्यापर्यंत गेला. प्रश्न त्यांच्या तोंडात होता, पण तोंड उघडेना.

सायकल आमच्या समोर आली, आणि काकांनी मान आमच्याकडे वळवली.

"कमल, तिथं नको उभी राहू," ते म्हणाले. शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ. "त्या नाल्यातून वारा येते वर. चढतानीच लागला मले. पुढं दहा-बारा पावलं सर, कपारीच्या आडोशाले. तिथं नाई वारा."

आणि सायकल पुढं निघून गेली. सलीमभाईंनी एकदा मागं वळून पाहिलं. कमलताईंचा हात तसाच खांद्याशी होता. तो त्यांनी खाली घेतला, कानाजवळची बट मागं सारत.

आम्ही दोघी चालत पुढं गेलो. कपारीपाशी पोहोचलो आणि पदराची फडफड थांबली. खरंच वारा नव्हता. तिथं ऊनही थोडं उतरलं होतं, मला मगाशी ते दिसलंच नव्हतं. खालच्या वळणांवरून काकांचा आवाज यायला लागला, सलीमभाईंना काहीतरी सांगणारा, न थांबता, शब्द कळत नव्हते.

ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला आणि विचारलं, ताई, निघू काय त्यायच्या मागं?

कमलताई कपारीला पाठ टेकून उन्हात उभ्या होत्या. "थांब जराक," त्या म्हणाल्या. "जाऊ दे त्यायले पुढं."